एकट्या जिराफाचं काय करायचं?

गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानात आफ्रिकन सफारी येणार, ही नागपूरकरांसाठी शिळी बातमी. उद्यानाच्या मूळ आराखड्यातच ती होती. २६ जानेवारी २०२१ला भारतीय सफारी सुरू झाली, तेव्हापासून तर ती अधूनमधून नव्यानं छापून येते आणि दरवेळी गावात तेच भांडण पुन्हा पेटतं. धरमपेठेतल्या तर्री-पोह्यांच्या गाडीवर एका सकाळी मी तिन्ही पक्ष ओळीनं ऐकले. पहिला म्हणाला, "जिराफ, झेब्रे आलेच पाहिजेत. नागपूरनं काय नुसते वाघच पाहत बसावं का जी?" दुसरा म्हणाला, विदेशी जनावरांचे लाड कशाला, आपले बिबटे पिंजऱ्यात पडलेत ते आधी पाहा. तिसरी कॉलेजातली मुलगी होती. तिचं म्हणणं, प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग, तेव्हा सगळीच बंद करा. पोहे संपले तरी भांडण संपलं नाही. पण एवढ्या बोलण्यात एक साधा प्रश्न कुणालाच सुचला नाही: जिराफ आणायचे ते किती?

माझं मत आधीच सांगून टाकतो. परदेशी प्राणी आणायला माझा विरोध नाही. एकदोन आणायला आहे. ज्या जातीचा नांदता कळप ठेवण्याची आणि त्याच्या पुढच्या पिढीची सोय करण्याची तयारी नाही, ती जात नागपुरात आणूच नये, मग ती केनियातली असो की काझीरंग्यातली. आणि तयारी असेल तर एकच जात आणावी, पण भरपूर आणावी. 'देशी की विदेशी' या वादानं आपण वीस वर्षं वाया घालवली, असं मला वाटतं. उद्यानाला नाव कुणाचं द्यायचं यावर मात्र आपण मनापासून भांडलो. बाळासाहेब ठाकरे की गोंडवाना, यावर आंदोलनं झाली. ज्या शहराचा पाया गोंड राजा बख्त बुलंदनं घातला, तिथे तो वाद रास्तच होता. पण आत कोण राहणार आणि कसं राहणार, यावर कुणी रस्त्यावर उतरल्याचं मला आठवत नाही.

'परकं ते नको' हा युक्तिवाद निदान नागपुरात तरी करू नये. संत्र्याचं मूळ कूळ चीनकडचं. आपल्याकडे भोसल्यांच्या काळात ते रुजलं असं सांगतात. सावजी रश्श्यातली मिरची, ती भिवापूरची का असेना, मुळात अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. सिव्हिल लाइन्समध्ये मे महिन्यात पेटणारा गुलमोहर मादागास्करचा. ही परकी मंडळी काढून टाकली तर नागपूरचं ताटही रिकामं आणि रस्तेही उघडे पडतील. 'नागपूरच्या उन्हात ते मरतील' हेही तितकंच कच्चं. मे २०१३मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे खरं. पण झेब्रा काही काश्मीरचा नाही. सावली, पाणी आणि मोकळी जागा मिळाली तर तो ऊन काढतो. उलट उन्हाळ्यात कूलर लावावे लागतात ते शहरातल्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयातल्या आपल्या वाघांना. म्हैसूर आणि कोलकात्यात जिराफांना पिल्लं झाली आहेत. पाणघोडा तर भारतात इतका रुळलाय की त्याला परदेशी म्हणताना जीभ अडखळते.

फक्त संत्र्याची गोष्ट अर्धी सांगून थांबू नये. संत्रं टिकलं, कारण कुणीतरी त्याची कलम जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधली. खुंट इथला, डोळा बाहेरचा. एकाची शंभर झाडं झाली, शंभराच्या बागा झाल्या, त्या काटोल-वरूडपर्यंत पसरल्या. बाग करणारा माणूस पहिलं फळ तोडतानाच पुढच्या कलमांचा विचार करत होता. झेब्र्याची कलम बांधता येत नाही. त्याला दुसरे झेब्रे लागतात, आणि हीच गोष्ट आपण दर खेपेला विसरतो.

दिल्लीच्या शंकरचं उदाहरण घ्या. झिम्बाब्वेनं तत्कालीन राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांना आफ्रिकी हत्तीची जोडी भेट दिली. नराचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. मादी काही वर्षांतच गेली. त्यानंतरची दोन दशकं शंकर एकटा होता. देशात आफ्रिकी हत्ती आणखी एकच, तोही नर, तोही दूर म्हैसूरला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२४मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेनं दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं. सप्टेंबर २०२५मध्ये शंकर मेला, तेव्हा तो जेमतेम एकोणतीस वर्षांचा होता. या जातीचे हत्ती साठीच्या पुढेही जगतात. यात कुणी दुष्ट नव्हतं. देणाऱ्यांचा हेतू चांगला, घेणाऱ्यांना अभिमान, माहूत जीव लावणारे. पण जोडी ही एकटेपणाची पहिली पायरी असते, हे ती भेट स्वीकारताना कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघांतलं एक कधीतरी आधी मरणारच ना?

नियम करणाऱ्यांच्याही हे पूर्ण लक्षात आलेलं नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली अस्तित्वात आलं. कोणताही प्राणी सबळ कारणाशिवाय वर्षभरापेक्षा जास्त काळ जोडीदाराविना ठेवू नये, असा नियम तेव्हाच लिहिला गेला. नियम सहृदय आहे. पण तो जोडीपाशी थांबतो, आणि हत्तिणी जोडीनं राहत नाहीत, त्यांचं गोकुळ असतं. झेब्र्याच्या एका नरामागे अनेक माद्या आणि त्यांची पिल्लं असतात. जिराफ सैलसर टोळीनं फिरतो. जोडीनं संसार करणं ही माणसाची रीत; ती आपण सगळ्या सृष्टीवर लादली आणि वर कागदावर 'पूर्तता' असा शेरा मारून मोकळे झालो.

भेटीचं हे प्रकरण फार जुनं आहे. जहांगीराच्या दरबारात १६२१मध्ये झेब्रा आला, तेव्हा लोकांना वाटलं अंगावर कुणी पट्टे रंगवलेत. बादशहानं खात्री करून घेतली, मन्सूरकडून त्याचं चित्र काढवलं आणि मग तो प्राणी इराणच्या शाह अब्बासला भेट पाठवायचं ठरवलं. चित्र आजही आहे. त्या झेब्र्याचा पुढे कळप झाला का, हा प्रश्न त्या दरबाराला पडण्याचं कारणच नव्हतं. तो नवलाचा विषय होता आणि नवल एकच पुरतं. त्याच जहांगीरानं लिहून ठेवलंय की आपल्या वडिलांनी, म्हणजे अकबरानं, हजार चित्ते जमवले होते. हजार! आणि त्या साऱ्या कारकिर्दींत बंदिवासात पिल्लं झाल्याची नोंद एकदाच येते, तीही जहांगीराच्या काळातली. त्यानंतर थेट १९५६मध्ये, फिलाडेल्फियात. मग हे हजार चित्ते टिकवले कसे? मेले की रानातून नवे पकडून. विसाव्या शतकात रानातले चित्ते संपत आले, तेव्हा कोल्हापूरच्या दरबारानं शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले. भांडार रिकामं झालं तर दुसऱ्या भांडाराला हात घालायचा, ही रीत आपल्याला दरबारांकडूनच मिळाली. आता टेंडर निघतं एवढाच फरक.

म्हणूनच माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी स्वतःच मांडतो, कारण समोरच्या पक्षाला तो नीट मांडता येत नाही. परक्या देशात हौसेनं पाळलेल्या प्राण्यांनी आख्खी जात वाचवल्याची उदाहरणं आहेत. चीनमधलं मिलू हरीण घ्या. रानातून ते केव्हाच संपलं होतं. शेवटचा कळप पेकिंगजवळच्या बादशाही शिकारखान्यात होता. १८९५च्या पुरात तिथली भिंत फुटली आणि बरीच हरणं उपाशी लोकांच्या पोटात गेली; १९००च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत उरलेलीही संपली. वाचली ती युरोपातल्या बागांत आधीच पोचलेली. आज चीनमध्ये ही हरणं हजारोंनी आहेत, आणि ती सगळी १९८५पासून परत पाठवलेल्या हरणांच्या वंशातली. आता मला सांगा, शंभर वर्षांपूर्वी कुणी 'विदेशी प्राणी नकोत' म्हणून इंग्लंडात मोर्चा काढला असता तर?

हा युक्तिवाद इथवर ऐकला की आफ्रिकन सफारीचे समर्थक टाळ्या वाजवतील. पण ते हरीण वाचलं कसं, हेही विचारा. युरोपभर ती एकेक-दोनदोन अशी विखुरलेली होती, कुठे एक नर, कुठे एक म्हातारी मादी. बेडफर्डच्या ड्यूकनं ती ठिकठिकाणाहून गोळा केली आणि वोबर्नला अठरा हरणांचा कळप उभा केला. त्यांतली प्रजननक्षम होती ती फक्त अकरा. विखुरलेल्या बागांत ती नुसती मरायची वाट पाहत होती. एका कुरणात आल्यावर जात उभी राहिली. ड्यूकला जे सुचलं ते आपल्या अठ्ठावीस राज्यांच्या वनखात्यांना मिळून सुचू नये? आपण नेमकं उलट करतो. एका शहराला जिराफ मिळाला की दुसऱ्यालाही हवा. नागपूरला मिळाला की उद्या अमरावतीही मागेल, आणि मागणारा आमदार विधानसभेत 'अन्याय' हा शब्द वापरेल.

मुंबईच्या पेंग्विनांवर किती विनोद झाले! २०१६च्या जुलैत राणीच्या बागेत आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्याच ऑक्टोबरात एक मेला, आणि मग राजकारण्यांना टोपणनावंसुद्धा पेंग्विनावरून पडली. तेव्हा मीही हसलो होतो. खर्चाचा मुद्दा आजही मला पटतो. पेरू-चिलीच्या थंड किनाऱ्यावरच्या पक्ष्याला भायखळ्यात गारवा पुरवणं ही चैनच आहे. पण एक कबुली द्यायला हवी: ते पेंग्विन नांदले. पहिलं पिल्लू २०१८च्या स्वातंत्र्यदिनी जन्मलं आणि आठवड्याभरात गेलं, तरी पुढची जगली, आणि आज संख्या मूळ आठच्या दुपटीहून अधिक आहे. थट्टा करणाऱ्या आम्हा सगळ्यांना त्यांनी खोटं पाडलं. का? त्यांची देखभाल कंत्राटानं का होईना पण रोज होत होती, आणि मुळात ते आठ होते. दोन आणले असते तर त्या ऑक्टोबरातच एक उरला असता. कुनोच्या चित्त्यांवरही हवे तेवढे वाद घाला, काही मेले हे खरंच आहे. पण तिथेही नामिबियातून आठ आणि दक्षिण आफ्रिकेतून बारा आले, दोन नाही, आणि म्हणून मृत्यूंनंतरही पिल्लांचा विषय उरतो.

नुसती संख्या वाढवली की झालं, असंही नाही. छतबीरची गोष्ट त्यासाठी आठवावी. चंडीगडजवळच्या या प्राणिसंग्रहालयात आपल्याकडचे आशियाई सिंह आणि सर्कशीतले आफ्रिकी सिंह यांची सरमिसळ झाली. संख्या भराभर वाढली, अहवालांत ती शोभूनही दिसली असेल. पण हे ना धड गीरचे, ना आफ्रिकेचे. पुढच्या पिढ्या रोगांना बळी पडू लागल्या. शेवटी दोन हजार सालाच्या सुमारास प्रजनन थांबवण्याची, नरांची नसबंदी करण्याची वेळ आली, आणि ते सिंह एकेक करून म्हातारे होऊन मेले. कोण कुणाचा, आईबाप कोण, ही वंशावळीची वही तिथे नव्हती. हे वाचून मला आमच्या गावाकडचे पशुपालक आठवतात, ज्यांना गावातला वळू कोणत्या गाईचा आणि त्याला किती वर्षांनी बदलायचा हे तोंडपाठ असतं. इमूचं तर सांगायलाच नको. २०१०च्या आगेमागे ऑस्ट्रेलियाचा हा पक्षी पाळा, आम्ही परत विकत घेतो, असं सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या. २०१२मध्ये तामिळनाडूतला मोठा डोलारा कोसळला, आणि महाराष्ट्रातही कित्येक शेतकऱ्यांच्या आवारात न विकली जाणारी, खाणारी, पळणारी मोठाली पाखरं उरली. आणणं सोपं असतं. परतीच्या गाडीचं तिकीट कुणी काढत नाही.

मुलांचा मुद्दा राहिला, आणि तो मला सगळ्यात जड जातो. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली पोरं एसटीनं नागपूरला सहलीला येतात. ती कधी सेरेंगेटीला जाणार? जिराफ मोबाइलवर पाहणं आणि अठरा फूट उंचीचा जीव समोर मान वाकवून पानं ओरबाडताना पाहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ज्यांच्या मुलांना विमानाची तिकिटं परवडतात त्यांनी 'प्राणी रानातच पाहावेत' असं सांगणं मला थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. प्राणी पाहून मन हलतं, हे टोकियोच्या पोरांनी दाखवलंय. युद्धात, १९४३मध्ये, उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती सरकारी हुकमानं मारले गेले. पुढे तिथल्या मुलांनी हत्तीसाठी पत्रं लिहिली आणि नेहरूंनी १९४९मध्ये 'इंदिरा' नावाची हत्तीण पाठवली. जपानी लोक ती आठवण अजून काढतात. पण त्याच वर्षी थायलंडहून 'हानाको' नावाची पिलू हत्तीणही टोकियोत आली. पुढे ती त्याच शहरातल्या दुसऱ्या बागेत गेली आणि सिमेंटच्या आवारात एकटी राहिली, २०१६मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी मरेपर्यंत. तिला पाहायलाही मुलंच येत होती. त्या मुलांना हत्ती कळला का? हत्ती म्हणजे एका जागी उभं राहून डोलणारं काहीतरी, एवढंच कळलं असेल. आकारच दाखवायचा तर आमचा अजब बंगला, म्हणजे नागपूरचं जुनं वस्तुसंग्रहालय, आहे की. १८६३पासून पेंढा भरलेली जनावरं काचेमागे उभी आहेत, चाऱ्याचा खर्च नाही. जिवंत प्राणी दाखवायचा तर त्याचं जगणं दिसलं पाहिजे: कोण कुणाला ढुसणी देतं, पिल्लू कुणामागे लपतं, म्हातारीला वाट कोण देतं. त्याला कळप लागतो.

आता 'आपले बिबटे आधी' म्हणणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाकडे परत येतो. त्याचं कारण मला पटत नाही, निष्कर्ष बराचसा पटतो. बिबटे आपले आहेत म्हणून ते आधी नाहीत. ते आधीच आत आहेत म्हणून आधी आहेत. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे माणसाशी संघर्ष झालेले वाघ आणि बिबटे गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात येतात, आणि बहुतेक आयुष्यभरासाठी येतात. २०२४च्या डिसेंबरात तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला. यासाठी कुणाला दोष देण्यात मला रस नाही, हा विषाणू जगभर मार्जारवर्गीय प्राण्यांना मारतोय. मला प्रश्न पडतो तो हातांचा. जे पशुवैद्य आणि जे राखणदार या वाघांना पाहतात, तेच उद्या झेब्र्यांनाही पाहणार का? महाराजबाग १८९४पासून आहे, म्हणजे या शहराला प्राणी ठेवण्याचा सव्वाशे वर्षांहून जास्त अनुभव आहे. तरी २०१८मध्ये तिच्या मान्यतेवरच गदा आली होती. पिंजरे वाढवणं आणि माणसं वाढवणं यांत आपण नेहमी पिंजरे निवडतो, कारण फीत पिंजऱ्यालाच बांधता येते.

आणि वेळेचं काय? सरकार पाच वर्षांचं, पालकमंत्री त्याहून कमी. कोलकात्यातल्या अलिपूरच्या बागेत 'अद्वैत' नावाचं अल्डाब्राचं महाकाय कासव २००६मध्ये मेलं. ते क्लाइव्हच्या बागेतलं होतं असं सांगतात, वय अडीचशेच्या घरात मानतात. अडीचशे सोडा, दीडशे धरा. कंपनी सरकार गेलं, राणी गेली, आणीबाणी येऊन गेली. कासव आपलं गवत खात होतं. जिराफ पंचवीस वर्षं जगतो. आज जो करार करतो त्यानं त्या जिराफाच्या मुलीची सोय करारात लिहिली पाहिजे, हे मागणं फार आहे का? म्हैसूरला थोडी अक्कल आली आहे. १९९५मध्ये डब्लिनहून आलेला 'पोलो' हा गोरिला २०१४मध्ये मेला. त्याला जोडीदार मिळवण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं चालले, फळले नाहीत. २०२१मध्ये जर्मनीहून पुन्हा गोरिला आणले, तेव्हा मुद्दाम दोन तरुण नर आणले, कारण जगभरच्या बागांत कळपाबाहेर पडलेल्या नरांनी एकमेकांच्या सोबतीनं राहण्याची सोय करावी लागते. पिल्लं होणार नाहीत, पण हे आधी ठरवून, वंशावळीची वही ठेवणाऱ्यांशी बोलून केलं. दोनच आणले तरी विचार करून आणले, म्हणून तो दोनाचा आकडा मला मान्य आहे.

तेव्हा गोरेवाड्यासाठी माझी मागणी साधी आहे. वीस-बावीस जातींची यादी फाडून टाका. एक जात निवडा, झेब्रा म्हणा हवं तर. ज्या बागांत एकटे-दुकटे उरलेत त्यांच्याकडून मागून घ्या, उरलेले बाहेरून आणा, आणि एकाच मोठ्या माळावर सोडा. पुढची पाच वर्षं दुसरी जात आणू नका. ज्यांना जिराफ पाहायचा त्यांना म्हैसूरला पाठवा, आणि म्हैसूरकरांना झेब्रा पाहायला नागपूरला बोलवा.

हे सगळं मी त्या गाडीवाल्याला, दुसऱ्या दिवशी, तर्री जरा जास्त घालून घेत सांगितलं. तो ऐकत होता, मधेच कांदा चिरत होता.

"म्हणजे भाऊ, जिराफ आणूच नाही म्हणता?"

"आण ना. पण सहा आण. नाहीतर नको."

"सहा!" त्यानं सुरी खाली ठेवली. "बाप्पा, सहा जिराफ खातीन किती?"

गेल्या वीस वर्षांत या विषयावर नागपुरात विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न.